एकच गाडी सांगलीत स्वस्त, बेळगावात महाग: हा फरक आला कुठून

पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम म्हणजे रोड टॅक्स-विम्याआधीची किंमत ९ लाख. सांगलीत एमएच-१० पासिंग केली तर रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ९९ हजार. तीच गाडी म्हैसाळची हद्द ओलांडून कर्नाटकात पासिंग केली तर टॅक्स १४ टक्के आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस, म्हणजे जवळजवळ १ लाख ४० हजार. गाडी महाग तशी टक्केवारीही चढते, म्हणून १२ लाखांच्या गाडीला इकडं १ लाख ४४ हजार लागतात, तिकडं सव्वादोन लाखाच्या वर जातं. मिरजेपासून कर्नाटकातलं कागवाड हाकेच्या अंतरावर, पण फरक ८० हजारांच्या पुढं. बेळगाव-निपाणीकडचे पाव्हणे कोटेशन बघून पहिल्यांदा डीलरला शिव्या घालतात. डीलर हँडलिंग, ॲक्सेसरीज आणि विम्यात हात मारतात हे खरंच आहे, पण हा फरक त्यांचा नाही.

मूळ गोष्ट अशी की गाडीवरचा टॅक्स घटनेनं राज्यांच्या यादीत टाकलाय. महाराष्ट्रातला मोटार टॅक्सचा कायदा १९५८ चा आणि कर्नाटकातला १९५७ चा, म्हणजे बेळगाव तिकडं जाऊन एखाददोन वर्षंच झालेली. तेव्हा टॅक्स वर्षाला भरायचा आणि काचेवर टोकन लावायचं. नंतर एकरकमी टॅक्स आला आणि पुढं तो गाडीच्या किमतीच्या टक्क्यात गेला. म्हणजे गाडी महाग झाली की सरकारला काही न करता टॅक्स वाढून मिळतो.

त्या काळात खरी मारामारी मात्र विक्रीकरावर होती. प्रत्येक राज्याचा दर वेगळा, त्यामुळं जिथं स्वस्त तिथून गाडी उचलायची आणि घरी आणायची असा धंदाच चालायचा. हे थांबवायला महाराष्ट्रानं १९८७ ला बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर प्रवेश कराचा कायदा केला. राज्यं एकमेकांची गिऱ्हाईकं ओढायला दर खाली आणत होती, शेवटी जानेवारी २००० पासून सगळ्यांनी मिळून विक्रीकराचे किमान दर ठरवले, आणि २००५ ला विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचा, त्रास वेगळाच. नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली, महापालिकांची राहिली, त्यामुळं साताऱ्याला जकात नाही आणि सांगलीला आहे असा प्रकार बरीच वर्षं होता. मग जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, त्यावर व्यापाऱ्यांनी केलेली आंदोलनं सांगलीकरांना आठवत असतीलच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे सगळं एकदम पुसलं गेलं, एक्स-शोरूम किंमत देशभर जवळजवळ सारखी झाली. पण रोड टॅक्स जीएसटीच्या बाहेर ठेवला. राज्यांनी हातचं सोडलं नाही, आणि महाराष्ट्रानं तर त्याच वर्षी जकात-एलबीटी गेल्याची भरपाई म्हणून रोड टॅक्स २ टक्क्यांनी वाढवला, पेट्रोल गाडीचा ९ ते ११ होता तो ११ ते १३ झाला. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, आणि ज्या साताऱ्याला जकात कधीच गेली होती त्यालाही ही भरपाई भरावी लागली! त्याच वेळी महागड्या गाड्यांच्या टॅक्सला मात्र २० लाखांची कमाल मर्यादा घालून दिली, कारण काय तर श्रीमंत लोक गाड्या दुसऱ्या राज्यात पासिंग करतात. तसं ते करत होतेच, पुद्दुचेरीच्या नंबरच्या गाड्यांवरून केरळात २०१७ ला सिनेमावाल्यांसकट मोठा गोंधळ झाला होता. १ जुलै २०२५ पासून ही मर्यादा ३० लाख केलीय. ८-१० लाखांची गाडी हप्त्यानं घेणाऱ्याला कसलीच मर्यादा नाही, ते जाऊ द्या.

आता ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडणं झाली ती म्हणजे ३० दिवस की १२ महिने. केंद्राचा १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच तिथला नवा नंबर घ्यायचा. कर्नाटकानं २०१४ ला स्वतःच्या टॅक्स कायद्यात दुरुस्ती केली आणि सांगितलं की बाहेरच्या राज्यातली गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त राहिली तर आमचा लाइफटाइम टॅक्स भरा. म्हणजे नंबर बदलायला वर्षभर मुदत पण टॅक्सला महिनाच! सातारा-सांगलीची जी पोरं बंगळुरूला नोकरीला गेलेली, गाडी घरची एमएच-१० नाहीतर एमएच-११, ती सगळी यात अडकली. सिग्नलला गाडी बाजूला घ्यायची, आरसी बुक घ्यायचं आणि पावती फाडायला लावायची. गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा कोणी द्यायचा तर मालकानं, म्हणून लोक टोलच्या पावत्या आणि पेट्रोलची बिलं जपून ठेवायला लागले.

सरकारची बाजू अगदीच खोटी होती असं नाही. त्यांचा टॅक्स देशात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी, त्यामुळं करोडोंच्या गाड्या बाहेर पासिंग करून बंगळुरूत फिरवणारे होते, अजून आहेत, २०२५ च्या फेब्रुवारीत फेरारी-पोर्शसारख्या गाड्या पकडल्याच की. पण त्यांच्यासाठी टाकलेलं जाळं सेकंडहँड स्विफ्टवाल्यावर पडलं. २०१६ ला हायकोर्टानं ती ३० दिवसांची तरतूद रद्द केली, केंद्राचा कायदा वर्षभर मुभा देतो तर त्याआधी लाइफटाइम टॅक्स मागता येणार नाही या मुद्द्यावर. माझ्या मते हे तेव्हाच दिसायला हवं होतं, पण महसुलाचा आकडा समोर असला की कायदा कोण वाचतो.

वर्ष उलटल्यावरही सुटका नाहीच. आधी इकडच्या आरटीओची एनओसी, कर्जाची गाडी असेल तर बँकेचीही, मग तिकडं गाडीच्या वयाप्रमाणं थोडा कमी झालेला लाइफटाइम टॅक्स आणि त्यानंतर इकडच्या उरलेल्या टॅक्सच्या रिफंडचा अर्ज. टॅक्स आधी भरायचा आणि परतावा नंतर मागायचा. रिफंडसाठी हेलपाटे घालून शेवटी नाद सोडलेले ओळखीत बरेच आहेत.

यावर उपाय म्हणून २०२१ ला बीएच सिरीज आली. टॅक्स दोन-दोन वर्षांचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. पण ती मिळते सरकारी नोकरांना, सैन्यातल्यांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपन्यांच्या लोकांना. कर्नाटकानं तर सुरुवातीला खाजगी कंपनीवाल्यांना ती दिलीच नाही, त्यासाठीही कोर्टात जावं लागलं. नोकरी कर्नाटकातल्या उगारला कारखान्यात आणि घर मिरजेत असा माणूस त्यात कुठंच बसत नाही.

देशादेशांतला फरकही असाच टॅक्सचा आहे, इथं बनलेली मारुती नेपाळात दुपटीपेक्षा महाग पडते ती तिथल्या करांमुळं. फक्त तिथं मध्ये कस्टम असतं, आपल्याकडं नुसती म्हैसाळची हद्द.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, सेस गेला, मोठ्यांना सरळ ४० टक्के. एक्स-शोरूम खाली आली म्हणून रोड टॅक्सही रुपयांत थोडा कमी झाला. टक्केवारीला त्यात कोणी हात लावला नाही. इलेक्ट्रिक गाड्यांवर दोन्हीकडं सूट होती, त्यात कर्नाटकानं २०२४ ला २५ लाखांच्या वरच्या गाड्यांना १० टक्के लावले, आणि महाराष्ट्रानं २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्यांना ६ टक्के जाहीर करून नंतर मागे घेतले. म्हणजे इलेक्ट्रिकमध्येही सांगली-बेळगाव फरक सुरू झाला, २०२५ पर्यंत तरी वरच्या गाड्यांपुरता.