हौदा, फाळका आणि पंचविसावा हिस्सा: पिकअप ट्रकच्या मॉडेल किटची पार्श्वभूमी

पिकअप ट्रकची प्लास्टिकची किट जोडणे हा आज मोटारींच्या मॉडेलकारीतला एक भरभक्कम आणि स्वतंत्र प्रवाह आहे. केवळ पिकअपच जोडणारे, त्यातही एखाद्याच कंपनीच्या किंवा एखाद्याच दशकातल्या पिकअपच्या मागे असलेले हौशी कारागीर जगभर आहेत. सुरुवातीला मात्र ही किट मोटारींच्या आडोशानेच बाजारात आली, कारण शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्या गाडीची प्रतिकृती कोणी हौसेने कपाटात मांडेल, असे उत्पादकांना वाटत नव्हते. ही समजूत कशी बदलत गेली, हे पाहायचे तर किटच्या इतिहासाबरोबर खऱ्या पिकअपचाही इतिहास थोडा चाळावा लागतो. दोन्ही इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाशिवाय दुसरा नीट कळत नाही.

फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मालवाहू हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी गिऱ्हाईक चासी (म्हणजे इंजिन आणि चाके बसवलेली खालची चौकट) किंवा मोटार विकत घेई आणि मागचा सांगाडा दुसऱ्या कारागिराकडून बांधून घेई. पुढची तीस वर्षे अमेरिकेतला पिकअप प्रामुख्याने कामाचेच वाहन राहिला. शेव्हरोलेची १९४७ सालची गोलसर ठेवणीची नवी मालिका आणि फोर्डची १९४८ पासूनची एफ मालिका यांनी त्याला चेहरा दिला, तरी खरा बदल झाला तो १९५५ च्या शेव्हरोले कॅमिओ कॅरियरने. या गाडीत हौद्याच्या बाजूंना फायबरग्लासचे सपाट पडदे लावून मागची मडगार्डे झाकली होती आणि आतली सजावट मोटारीच्या तोडीची केली होती. १९५७ साली फोर्डने मोटारीच्याच सांगाड्यावर रँचेरो आणली, त्याच वर्षी एफ मालिकेत सरळ बाजूंचा हौदा आला आणि पुढल्या वर्षी शेव्हरोलेचा फ्लीटसाइड. पिकअप आता दारात उभा करून मिरवण्याजोगा झाला होता, आणि नेमक्या याच सुमाराला मोटारींच्या किटचा धंदा वयात येत होता.

त्या धंद्याचे मूळ मोटारविक्रेत्यांच्या काउंटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्या नव्या गाडीची छोटी, जोडून तयार असलेली प्रतिकृती विक्रेत्यांना पुरवत असत. गिऱ्हाइकाला रंग आणि घडण हातात घेऊन दाखवता यावी, सोबत आलेल्या मुलाला ती देता यावी, हा त्यामागचा हेतू. मिशिगनमध्ये १९४८ साली सुरू झालेली एएमटी ही या जाहिराती प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक. तिच्या नावातला पहिला शब्द ॲल्युमिनियम असला तरी ती लवकरच प्लास्टिककडे वळली. या प्रतिकृती बहुधा १:२५ प्रमाणात असत आणि अमेरिकी किटमध्ये तेच प्रमाण रूढ झाले. फुटाला अर्धा इंच या हिशेबाने येणारे १:२४ हे प्रमाण मोनोग्राम या अमेरिकी किट कंपनीने आणि नंतर जपानी कंपन्यांनी वापरले. पाच मीटर लांबीचा ट्रक पहिल्या प्रमाणात वीस सेंटिमीटर भरतो आणि दुसऱ्यात जेमतेम आठ मिलिमीटर अधिक, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मॉडेलांमध्ये हा फरक सरावलेल्या डोळ्याला लगेच खटकतो.

सुरुवातीच्या प्रतिकृती ॲसिटेट प्लास्टिकच्या होत्या. हे प्लास्टिक काळाच्या ओघात आक्रसते आणि वाकडे होते. त्या काळातल्या अनेक प्रतिकृतींची छते आणि टोके आज बाकदार झालेली दिसतात. पॉलिस्टायरीन आले तेव्हा हा दोष गेला, आणि हौशी माणसाच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ झाला. पॉलिस्टायरीन द्रावकाने विरघळते, त्यामुळे सांध्यावर लावलेला सिमेंटचा, म्हणजे द्रावक असलेल्या गोंदाचा, थेंब दोन्ही भागांची कड वितळवून त्यांना एकजीव करतो. असा सांधा वाळल्यावर घासता, कापता आणि पुन्हा घडवता येतो. किट जोडण्याचा छंद या गुणावर उभा आहे, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

एएमटीने १९५८ साली त्याच साच्यांतून निघालेले भाग सुटे ठेवून किट विकायला सुरुवात केली. एकाच डब्यातून गाडी मूळ रूपात, हौशी सजावटीत किंवा शर्यतीच्या रूपात जोडता येत असे, म्हणून ही किट तीन-पर्यायी म्हणून गाजली. १९६० च्या मालिकेत फोर्ड एफ-१०० आणि शेव्हरोले फ्लीटसाइड हे दोन पिकअप आले. कामाच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेल की नाही, याची चिंता बहुधा असावी, कारण डब्यात ट्रकबरोबर आणखी काहीतरी घालण्याची पद्धत होती. शेव्हरोलेच्या किटमध्ये हौद्यात ठेवायला गो-कार्ट होती, फोर्डबरोबर ट्रेलर होता आणि पुढे १९६३ च्या एफ-१०० ला हौद्यावर बसणारी कॅम्परची खोली मिळाली. हौदा रिकामा दिसू नये म्हणून केलेली ही भर पुढे पिकअपच्या मॉडेलकारीचे बलस्थान ठरली. मोटारीचे मॉडेल पूर्ण झाले की त्यात भर घालायला जागा उरत नाही. पिकअपचे मॉडेल पूर्ण झाल्यावरही त्याने काय वाहून न्यायचे, हा प्रश्न जोडणाऱ्यापुढे उरतोच.

रचनेच्या दृष्टीनेही पिकअपचे किट निराळे असते. मोटारीचे संपूर्ण शरीर एका तुकड्यात ओतलेले येते. त्यासाठी साच्याला चारही बाजूंनी सरकणारे भाग लागतात आणि साचा महाग पडतो. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा मुळातच वेगळे असतात आणि दोन्ही शिडीसारख्या चासीवर बसतात. खऱ्या गाडीतली ही फट मॉडेलमध्ये जशीच्या तशी यावी लागते. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत समांतर उभी राहिली नाही, चासी केसभर पिळली गेली किंवा मागचे स्प्रिंगचे पाटे दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर बसले नाहीत, तर गाडी कुठूनही पाहा, ती मोडलेली वाटते. म्हणून अनुभवी मंडळी आधी चासी सपाट काचेवर ठेवून जोडतात, केबिन व हौदा कोरडेच बसवून फट तपासतात आणि मगच रंगाला हात घालतात. हौद्याचा तळ हा आणखी एक परीक्षेचा भाग. जुन्या पिकअपमध्ये लाकडी फळ्या आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या असत. किटमध्ये त्या एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर कोरलेल्या येतात, आणि प्रत्येक फळीला किंचित वेगळी छटा दिली, तरच त्या लाकडाच्या वाटतात.

दरवर्षी नवे मॉडेल आणण्याच्या त्या काळातल्या रीतीचा एक परिणाम आजही जाणवतो. गाडीची जाळी, दिवे, बंपर बदलले की कंपनी नवा साचा न करता जुन्याच पोलादी साच्यात फेरफार करी. १९६० चा साचा कोरून १९६१ चा झाला की १९६० चा ट्रक त्या साच्यातून पुन्हा कधीच निघणार नाही, हे ठरून जाई. मालिकेतले शेवटचे वर्ष तेवढे टिकून राहिले आणि म्हणून तेच पुनःपुन्हा बाजारात येत राहिले. आधीच्या वर्षांची न जोडलेली किट संग्राहकांच्या हाती गेली. किटच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे, असे मला वाटते, कारण अमेरिकी पिकअपच्या घडणीतली काही महत्त्वाची वर्षे त्यामुळे प्लास्टिकमध्ये दुर्मीळ झाली.

साठच्या दशकात पिकअपला सजावटीच्या जगाने उचलून धरले. १९५३ पासूनची फोर्ड एफ-१०० हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून वेगवान केलेल्या गाड्या, बनवणाऱ्यांची लाडकी होती आणि एएमटीच्या १९५३ च्या एफ-१०० किटने ती आवड घराघरांतल्या टेबलावर नेली. पण त्या दशकाचा सर्वांत धाडसी नमुना म्हणजे डिओरा. डॉजच्या ए-१०० या चपट्या तोंडाच्या पिकअपवरून हॅरी ब्रॅडली यांनी तिचे आरेखन केले आणि डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी ती प्रत्यक्षात घडवली. तिला बाजूचे दरवाजेच नव्हते. समोरची काच वर उचलून आत शिरायचे, आणि ती काच फोर्डच्या स्टेशन वॅगनच्या मागच्या भागातून घेतलेली होती. १९६७ च्या डेट्रॉइट ऑटोरामा या सजवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात डिओराला तिथला मानाचा रिडलर पुरस्कार मिळाला, एएमटीने तिचे १:२५ प्रमाणातले किट काढले आणि १९६८ च्या हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्यांत तिला स्थान मिळाले. त्याच ए-१०० वर बेतलेला, पुढची चाके उचलून धावणारा लिटल रेड वॅगन हा शर्यतीचा ट्रकही आयएमसी या कंपनीच्या किटमधून हौशी लोकांपर्यंत पोहोचला. एका साध्या मालवाहू गाडीतून इतकी वेगवेगळी दोन रूपे निघाली आणि दोन्ही किट झाली, हे पिकअपचे स्थान पालटल्याचे स्पष्ट चिन्ह होते.

सत्तरच्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले, प्लास्टिक महागले आणि किटचा बाजार आकसला. तरी उंच उचललेले चारचाकी-चालित ट्रक आणि फोर्ड कुरियरसारखे छोटे आयात पिकअप यांची किट निघत राहिली. १९७४ च्या फोर्ड एफ-२५० वरून बॉब चँडलर यांनी उभारलेल्या बिगफुट या राक्षसी ट्रकचे मोनोग्रामचे किट ऐंशीच्या दशकात मुलांच्या एका पूर्ण पिढीच्या हाती पडले.

जपानमध्ये कथा वेगळी घडली. लाकूडकामाची परंपरा असलेल्या शिझुओका शहरात आणि परिसरात टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या कंपन्या वाढल्या. टामियाची सुरुवातच लाकूड कापण्याच्या गिरणीतून झाली होती. टामियाने १९८१ साली रेडिओ नियंत्रणावर चालणारा टोयोटा हायलक्स पिकअप १:१० प्रमाणात आणला. त्यात शिडीसारखी धातूची चासी, खरे पाटे आणि दुरून बदलता येणारा तीन गतींचा गिअरबॉक्स होता. तो चालवण्यासाठी होता, तरी खऱ्या पिकअपच्या पोटात काय असते, हे तो जोडणाऱ्याला ज्या स्पष्टतेने कळले, तसे तोवरच्या कोणत्याही शोभेच्या किटने शिकवले नव्हते, असे माझे मत आहे. शोभेच्या मॉडेलांत जपानी कंपन्यांनी आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांना न्याय दिला. आओशिमाने सुबारू सांबारसारखे इवलेसे मालवाहू ट्रक काढले, हासेगावाने निस्सान सनी ट्रक काढला, आणि दोन्ही अशा नेमकेपणाने काढले की भाजीपाला वाहणाऱ्या गाडीलाही रेसच्या गाडीइतकाच अभ्यास लागतो, हे मान्य झाले.

तिसरा धागा लष्करी मॉडेलकारीतून आला आणि माझ्या दृष्टीने त्याचे ऋण सर्वांत मोठे आहे. १९८७ साली चाड आणि लिबिया यांच्यातल्या लढाईचा शेवटचा टप्पा चाडच्या सैन्याने क्षेपणास्त्रे बसवलेल्या टोयोटा पिकअपच्या बळावर लढला, आणि त्या लढाईला टोयोटाचेच नाव पडले. हौद्यात तोफ किंवा बंदूक बसवलेले असे पिकअप त्यानंतरच्या अनेक संघर्षांत दिसले. चीनच्या मेंग कंपनीने आपल्या अगदी सुरुवातीच्या किटमध्ये असाच विमानवेधी बंदूक बसवलेला पिकअप १:३५ प्रमाणात काढला, तर युक्रेनच्या आयसीएमने पहिल्या महायुद्धातली मशीनगन बसवलेली मॉडेल टी काढली. रणगाडे जोडणारे कारागीर या किटमुळे पिकअपकडे वळले आणि येताना झीज, गंज, धूळ दाखवण्याची आपली सारी तंत्रे घेऊन आले.

त्यातले एक तंत्र पिकअपच्या हौद्यासाठीच जन्मले असावे, इतके तिथे शोभते. आधी हौदा गंजाच्या तपकिरी रंगात रंगवून त्यावर पारदर्शक लॅकरचा थर देतात. तो वाळला की केसांवर मारायच्या स्प्रेचे दोन हलके हात देतात आणि त्यावर गाडीचा मूळ रंग ॲक्रिलिकमध्ये फवारतात. थोड्या वेळाने ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने घासले की खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपड्यांसारखा सुटून गंज उघडा पडतो. कुठे घासायचे, हे मात्र खरा ट्रक शिकवतो. फाळक्याची वरची कड, चाकांवरच्या उंचवट्याचे माथे, केबिनच्या पाठीमागे सामान आदळते ती भिंत, इथला रंग आधी जातो. कोपरे आणि खोलगट भाग बराच काळ शाबूत राहतात. मापाचेही भान ठेवावे लागते. १:२५ प्रमाणात दशांश मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या पत्र्यावर अडीच मिलिमीटरचा लेप. पोपड्याची कड जाड दिसली की सारा परिणाम फसतो.

दरम्यान कंपन्यांचे साचे हातोहात फिरत राहिले. एएमटी आणि एमपीसी ही किट बनवणारी एकेकाळची प्रतिस्पर्धी नावे ऐंशीच्या दशकात अर्टल या खेळणी कंपनीकडे एकत्र आली आणि पुढे राउंड टू कंपनीकडे गेली. रेव्हेल आणि मोनोग्राम या किट कंपन्या १९८६ साली एका छत्राखाली आल्या, २००७ साली हॉबिको या अमेरिकी कंपनीने त्या घेतल्या, आणि २०१८ साली हॉबिको दिवाळखोरीत निघाल्यावर रेव्हेल जर्मन मालकीत गेली. अशा प्रत्येक स्थलांतरात काही साचे हरवतात आणि काही विस्मृतीतून वर येतात, त्यामुळे जुन्या पिकअपच्या चाहत्यांचे लक्ष नव्या आवृत्त्यांच्या घोषणांकडे लागलेले असते. मोबियस या अमेरिकी कंपनीने १९७१ ची फोर्ड एफ-१०० आणि साठच्या दशकाच्या मध्यातली शेव्हरोले फ्लीटसाइड पूर्णपणे नव्या साच्यांतून काढली. घरोघरी राबलेल्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या या गाड्यांसाठी कोणी नव्याने पोलाद कोरेल, अशी आशा अनेकांनी सोडून दिली होती.

कोरून नष्ट झालेल्या वर्षांच्या बाबतीतही आता मार्ग निघू लागला आहे. जुन्या, न जोडलेल्या किटचे भाग मोजून आणि स्कॅन करून हरवलेली जाळी किंवा बंपर नव्या साच्यात पुन्हा घडवता येतो. जे उत्पादकांना परवडत नाही ते छोटे कारागीर रेझिनमध्ये ओततात किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढतात: मागच्या मडगार्डांचा आखूड हौदा, वेगळ्या वर्षाची जाळी, साध्या पोलादी रिंगा, अवजारांची पेटी, पाण्याचे पिंप. या सुट्या भागांत शर्यतीच्या रुंद चाकांच्या जोडीने राबत्या ट्रकच्या साध्या रिंगा आणि सामानही मागितले जाते, आणि किट काढणाऱ्या कंपन्यांनी साठ वर्षांपूर्वी ज्या रूपाला गिऱ्हाईक नाही असे मानले होते, ते रूप आज जोडणारे स्वतःहून निवडत आहेत.