आठवी अनुसूची आणि अभिजात दर्जा: दोन याद्या कालवू नका

संथाली, पाली, सिंधी, डोगरी. यातली कोणती भाषा आठव्या अनुसूचीत नाही? टेस्ट सिरीजमधला प्रश्न होता, आणि मी दोन सेकंदात संथालीचा गोल काळा केला, कारण डोक्यात हिशोब असा की पाली तर आत्ताच अभिजात झालीय, एवढा मोठा दर्जा मिळालेली भाषा अनुसूचीत नसेल होय? उत्तर पाली. प्रश्नाचे मार्क गेलेच, वर पावपट निगेटिव्ह. नंतर अभ्यासिकेत चहाच्या वेळी विषय काढला तर निम्म्या पोरांच्या डोक्यात या दोन याद्या अशाच कालवलेल्या निघाल्या, म्हणून हे लिहितोय.

आधी एकच गोष्ट पकडा, यादी कोणाच्या हातात आहे. आठवी अनुसूची म्हणजे संविधानातली भाषांची यादी, तिच्यात भाषा घालायची तर संसदेत घटनादुरुस्ती लागते, विशेष बहुमताने. अभिजात दर्जा म्हणजे जुन्या साहित्य परंपरेच्या भाषेला मिळणारा मान, त्याचा संविधानात एका अक्षराने उल्लेख नाही, तो केंद्रीय मंत्रिमंडळ देतं. त्यामुळे "अभिजात भाषेचं कलम कोणतं" असं कुणी विचारलं तर तो प्रश्नच फसवा आहे. अनुसूचीशी जोडलेली कलमं दोन, ३४४(१) आणि ३५१. ३४४ म्हणजे राजभाषा आयोग, पहिला आयोग १९५५ चा, अध्यक्ष बाळ गंगाधर खेर, म्हणजे आपले जुन्या मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री, हे नाव राज्यसेवेवाल्यांनी लिहून ठेवा. ३५१ मधे हिंदीचा विकास करताना अनुसूचीतल्या भाषांची शैली वगैरे घ्यावी, शब्द मुख्यतः संस्कृतमधून घ्यावेत असं आहे.

अनुसूचीचं गणित पटकन उरकतो कारण ते सगळ्या नोट्समधे असतं. सुरुवातीला १४ भाषा, मराठी पहिल्या दिवसापासून आत. १९६७ ला २१ व्या दुरुस्तीने सिंधी. १९९२ ला ७१ व्या दुरुस्तीने कोकणी, मणिपुरी, नेपाळी, मी "कोमने" असं पाठ केलंय. २००३ च्या ९२ व्या दुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली, संथाली. झाल्या २२. २०११ ची ९६ वी दुरुस्ती कुठलीच भाषा वाढवत नाही, नुसतं उडियाचं ओडिया करते, आणि पेपर काढणाऱ्यांचा तिच्यावर फार जीव आहे. इंग्रजी यादीत नाही, कधीच नव्हती.

अभिजातचं प्रकरण जरा निवांत बघू, कारण करंट अफेअर्स तिथे आहे. १२ ऑक्टोबर २००४ ला केंद्राने ही कॅटेगरीच नवीन काढली आणि त्याच दिवशी तमिळला दर्जा दिला. मग २००५ संस्कृत, २००८ तेलुगू आणि कन्नड, २०१३ मल्याळम, २०१४ ओडिया. मग दहा वर्षं शांतता. मग ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापनेचा दिवस, संध्याकाळी बातमी आली आणि सगळ्यांच्या स्टेटसला तेच, मराठी, पाली, प्राकृत, असमिया, बंगाली. एकूण ११. विधानसभेचं इलेक्शन तोंडावर होतं हे सांगायला कुणाची गरज नाही, पण पेपरात ते लिहू नका.

आपल्या मराठीचा प्रस्ताव किती वर्षं पडून होता तेही बघा. राज्य सरकारने २०१२ ला रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०१३ ला प्रस्ताव केंद्राकडे गेला, साहित्य अकादमीखालच्या भाषातज्ज्ञ समितीने शिफारसही केली, आणि २०१७ ला मंत्रिमंडळाची टिपणी मंत्रालयांमधे फिरत असताना गृह मंत्रालयाने सांगितलं की निकष अजून कडक करा. शेवटी जुलै २०२४ ला तज्ज्ञ समितीने निकष बदलले.

निकषांत विद्यार्थी अडकतात ते वयाला. १५०० ते २००० वर्षांचा जुना इतिहास पाहिजे. (२००४ ला तमिळच्या वेळी ही अट १००० वर्षांची होती, पुढच्याच वर्षी वाढवली.) आता अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक, तो शके ९३४ चा म्हणजे १०१२ सालचा. ज्ञानेश्वरी १२९० ची. मग २००० वर्षं आणली कुठून? तर महाराष्ट्री प्राकृतातून. सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती, जुन्नरजवळच्या नाणेघाटातला ब्राह्मी लिपीतला लेख, हे सगळं एकाच भाषेच्या प्रवाहातलं आहे अशी मांडणी आपल्या बाजूने झाली. आणि निकषांतच सोय आहे की भाषेचं अभिजात रूप आजच्या रूपापेक्षा वेगळं असू शकतं, मधे खंडही असू शकतो. गंमत म्हणजे ज्या प्राकृताच्या जिवावर आपण उभे राहिलो त्या प्राकृतालाही त्याच बैठकीत वेगळा दर्जा मिळाला. नवीन निकषांत "स्वतःची मूळ साहित्य परंपरा, दुसऱ्या भाषकांकडून उसनी न घेतलेली" ही जुनी अट काढली आणि काव्यासोबत गद्य, ज्ञानग्रंथ, शिलालेखांचा पुरावा हे आलं. विधानांच्या प्रश्नाला हे पक्कं मटेरियल आहे.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अकरा अभिजात भाषांपैकी नऊ अनुसूचीत आहेत, दोन नाहीत, पाली आणि प्राकृत. उलट बाजूने बावीसपैकी तेरा अभिजात नाहीत, आणि त्या तेरांत हिंदी आहे, उर्दू आहे, गुजराती आहे, कोकणी आहे. हिंदीचं ऐकून लोक दचकतात. पण वय मोजणारी यादी वेगळी आणि राज्यकारभाराच्या भानगडीतली यादी वेगळी, एकीत असल्याने दुसरीत जागा मिळत नाही.

मिळतं काय? अभिजातला दोन आंतरराष्ट्रीय पुरस्कार, अभ्यासासाठी उत्कृष्टता केंद्र, केंद्रीय विद्यापीठांत अध्यासनं, म्हणजे फायदा मुख्यतः संशोधकांचा. अनुसूचीचा फायदा तुमच्या-माझ्या थेट कामाचा आहे, यूपीएससी मेन्सचा पेपर अनुसूचीतल्या भाषेतून लिहिता येतो आणि तो ३०० मार्कांचा सक्तीचा भारतीय भाषेचा पेपर, ज्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचं कुणी तपासतही नाही, तोही याच यादीतून. पाली साहित्य आधी मेन्सला ऑप्शनल, म्हणजे निवडायचा विषय होता, २०१३ ला काढलं. म्हणजे आज पाली अभिजात आहे पण ऑप्शनल म्हणून घेता येत नाही, आणि बोडो अभिजात नाही पण घेता येते.

तिसरा घोळ राजभाषेचा, तो थोडक्यात. केंद्राची राजभाषा कलम ३४३, राज्याची कलम ३४५, आणि राज्याने निवडलेली भाषा अनुसूचीत असलीच पाहिजे अशी अट ३४५ मधे नाही. मिझोरमची मिझो अजूनही अनुसूचीबाहेर आहे. गोव्यात कोकणी राजभाषा झाली १९८७ ला, अनुसूचीत गेली १९९२ ला, पाच वर्षांनी. (त्याच गोव्याच्या कायद्यात मराठी शासकीय कामाला वापरायची मुभा आहे, पण मराठी तिथली राजभाषा नाही, हे वाक्य वाचून भांडायला येऊ नका.) दिवसही तीन झालेत आपले, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १ मे राजभाषा दिन आणि आता ३ ऑक्टोबर अभिजात मराठी भाषा दिवस.

साहित्य अकादमी २४ भाषा मानते, अनुसूचीच्या २२ अधिक इंग्रजी आणि राजस्थानी. आणि नोटेवर १७. खिशातली नोट काढून मागची बाजू बघा, पट्टीत १५ भाषा आहेत, हिंदी-इंग्रजी बाहेर मोठ्या अक्षरात. क्रम रोमन अक्षरांप्रमाणे, त्यामुळे मराठी वरून आठवी, मल्याळम आणि नेपाळीच्या मधे, आणि कोकणी तिच्या दोन ओळी वर. सिंधी नाही, २००३ च्या चारही नाहीत. आणि "कोमने" मधली कोकणी आहे, नेपाळी आहे, मणिपुरी नाही.