सूर्य सगळीकडे पुरुषच? नाही हो!

रथसप्तमी आली की आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो, "जगातल्या प्रत्येक संस्कृतीत सूर्य पुरुष आणि चंद्र स्त्री". यंदा तर मावशीने तुळशीपुढे सात घोड्यांच्या रथाची रांगोळी काढली, गोवरीवर दूध उतू घातलं आणि त्या फोटोखालीच हे चिकटवलं, म्हटलं आता लिहायलाच हवं.

अहो मावशी, चंद्र स्त्री असता तर आपण पोरांना चांदोमामा दाखवला असता का? आपल्याकडे दोघेही पुरुष, म्हणजे फॉरवर्ड घरातच खोटा पडला.

जपानात तर सूर्य चक्क देवी, अमातेरासू, आणि चंद्र तिचा भाऊ त्सुकुयोमी. इसवी सन ७१२ च्या कोजिकी या जुन्या जपानी ग्रंथात गोष्ट आहे, दुसरा भाऊ सुसानोओ इतका धिंगाणा घालतो की ही रुसून गुहेत जाऊन बसते, जगभर काळोख, मग बाहेर एक देवी असा नाच करते की सगळे देव खो खो हसतात, हिला राहवत नाही, दार किलकिलं करते आणि समोर धरलेला आरसा! जपानातल्या इसे गावचं तिचं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, मागचं २०१३ ला झालं.

उत्तर युरोपातली सोल पण देवीच, तिच्या रथामागे लांडगा लागलेला. लिथुआनियाची सौले, आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांची अरिन्ना नगरीची सूर्यदेवी, अशा बऱ्याच आहेत. जर्मन भाषेत आजही सूर्य स्त्रीलिंगी नि चंद्र पुल्लिंगी.

मला वाटतं हा घोळ ग्रीक कथांमुळे, तिथे सूर्य म्हणजे हेलिओस पुरुष आणि चंद्र म्हणजे सेलेने बाई, तेवढं वाचून कोणीतरी अख्ख्या जगाला लावून टाकलं.