मँडरिन आणि प्रादेशिक चिनी बोली (शिकणाऱ्यांसाठी)

मँडरिन हे नाव दोन वेगळ्या गोष्टींना लावलं जातं आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे क्लासमध्ये शिकवतात ती प्रमाणभाषा, फुथोंगह्वा (तैवानात क्वोयू, सिंगापूरला ह्वायू). दुसरं म्हणजे उत्तर आणि नैर्ऋत्य चीनभर पसरलेला बोलींचा भलामोठा गट, क्वानह्वा. सिचुआनची बोली या दुसऱ्या अर्थाने मँडरिनच, पण तिच्यात ‘श’ आणि ‘स’ एकच होतात, ‘न’-‘ल’ची सरमिसळ होते, टोनही (शब्दाचा अर्थ बदलणारे सुरांचे चढउतार) वेगळे, त्यामुळे पेइचिंगचे (बीजिंगचे) उच्चार घोटून गेलेला विद्यार्थी सिचुआनची राजधानी छंगतूच्या मंडईत गांगरतोच.

फुथोंगह्वाची सरकारी व्याख्या 1956 ची: उच्चार पेइचिंगचे, पाया उत्तरेकडच्या बोलींचा, व्याकरण आधुनिक गद्याचं. रोमन लिपीतली पिनयिन 1958 साली मंजूर झाली.

त्याआधी दरबारातले अधिकारी बोलत त्या भाषेलाही क्वानह्वाच म्हणत; तिचं मूळ मात्र वादाचं आहे. मिंग घराण्याची राजधानी 1421 मध्ये पेइचिंगला गेली म्हणून भाषाही तिथलीच असणार अशी जुनी समजूत, पण त्रिगो या जेझुइट पाद्र्याच्या 1626 च्या उच्चारकोशात पाच टोन आहेत, त्यातला एक ‘रुशंग’, म्हणजे तुटक संपणाऱ्या शब्दांचा, जो पेइचिंगच्या बोलीतून गेलाय आणि त्याआधीच्या राजधानीत, नानचिंगला, अजून टिकून आहे. म्हणून बरेच अभ्यासक आता नानचिंगकडे झुकतात, तर काहींच्या मते ती कुठल्याच एका शहराची बोली नव्हती, अधिकाऱ्यांच्या बदल्यांमधून घडलेली मिश्र भाषा होती, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे. पेइचिंगचा उच्चार वरचढ झाला तो बहुधा 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत; टॉमस वेड या ब्रिटिश मुत्सद्द्याने 1867 च्या पाठ्यपुस्तकात तोच घेतला.

याच रुशंगवरून आणखी एक भांडण आहे. भाषातज्ज्ञ ली रोंग यांनी 1985 मध्ये शान्शीकडची चिन बोली मँडरिनमधून वेगळी काढली कारण तिथे रुशंग शिल्लक आहे. पण मग नानचिंगलाही तो आहेच की, तिला का नाही काढलं? चिनला आतच ठेवणं बरं वाटतं. तरी 1987 च्या चीनच्या भाषा-अॅटलासने तिला वेगळं धरलं आणि ह्वे, पिंगह्वा याही बोली धरून जुन्या सात गटांचे (मँडरिन, वू, श्यांग, कान, हक्का, युए, मिन) दहा केले. यातला मिन सगळ्यात आधी, बहुधा हान घराण्याच्या काळाच्या (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी) आसपास फुटला असावा. 601 सालच्या छ्येयुन या यमककोशातून बाकीच्या बोलींचे उच्चार बरेचसे जुळवता येतात, मिनचे पूर्ण जुळत नाहीत.

युए म्हणजे मुख्यतः कँटोनीज. टोन सहा (तुटक शब्दांचे वेगळे मोजले तर नऊ), शेवटी प-त-क टिकलेले. ‘तो’ला फुथोंगह्वात ‘था’, इथे ‘खोय’, शांघायला ‘यी’. हाँगकाँगमध्ये 2021 च्या जनगणनेत सुमारे 88 टक्के लोकांची रोजची भाषा हीच होती, पण शाळेतलं लेखन प्रमाण चिनी वळणाचं आणि वाचायचं कँटोनीज उच्चारात, म्हणजे शिकणाऱ्याला दोन पदरी काम. तिच्यासाठी पिनयिन नाही, 1993 ची ज्यूतफिंग ही रोमन पद्धत वापरतात.

मराठी माणसाला उच्चारात थोडा फायदा आहे. पिनयिनमधले बी-डी-जी म्हणजे आपले प-त-क आणि पी-टी-के म्हणजे ओठ मिटून काढलेला फ, मग थ-ख. इंग्रजीच्या सवयीने वाचलं की चुकतं. झेड हा चाकातल्या ‘च’च्या बराच जवळ. शांघायच्या वू बोलीत तर प-फ-ब असा तिहेरी भेद आहे, जो फुथोंगह्वात उरलेला नाही. टोनचं मात्र सगळ्यांना सारखंच कष्टाचं.

निवड कोणाशी बोलायचंय यावर. नोकरी, एचएसके (परदेशी लोकांसाठीची चिनी भाषेची परीक्षा), चीनमधला प्रवास यासाठी फुथोंगह्वाच. तिथल्या सरकारी आकड्यानुसार 2020 मध्ये ती 80.72 टक्के लोकांपर्यंत पोचली होती. पण परदेशातल्या जुन्या वस्त्यांचं गणित वेगळं. मुंबईत माझगावचं सी यिप कून देऊळ दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या ‘चार तालुक्यां’तल्या लोकांचं, त्यांची बोली युए गटातली, कोलकात्याला टांग्रातले जुने चामडेवाले बहुतेक हक्का (नूडल्सचं नाव त्यांच्यावरूनच). सिंगापूरलाही मिन आणि युए बोलणारी घरं भरपूर होती, 1979 पासून सरकारने ‘मँडरिन बोला’ मोहीम चालवली तेव्हा नवी पिढी तिकडे वळली.

तैवानच्या मिन बोलीला 19व्या शतकातल्या मिशनऱ्यांची रोमन लिपी आहे. कान, ह्वे, पिंगह्वा यांच्यावरचं लेखन मुख्यतः चिनीतच आहे, म्हणजे त्यासाठी आधी फुथोंगह्वा शिकणं आलंच.