लागरला थंडी कशासाठी?

मे महिन्यात मुंबईत रात्री वाटून ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी भांड्याबाहेर आलेलं असतं, आणि डिसेंबरात तेच पीठ दुपारपर्यंत फुगायचं नाव घेत नाही. आंबवण्याचं गणित तापमानावर चालतं हे आपल्या स्वयंपाकघरात कुणाला शिकवावं लागत नाही. लागर, म्हणजे थंडीत आंबवून थंडीतच मुरवलेल्या बिअरमध्ये, मात्र हे गणित फार काटेकोर होतं.

एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसला खुशीत असतं. लागरचं यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरियानस, ८ ते १३ अंशांत काम करतं. ते संकरित आहे. त्याचा एक पूर्वज म्हणजे पावात आणि एलमध्ये वापरतात ते यीस्ट. दुसरा कोण, हे कोडं २०११ साली सुटलं. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या जातीच्या झाडांवरच्या गाठींत सॅकरोमायसिस युबायानस सापडलं. पुढे ते तिबेटातही मिळालं. थंडीत तग धरण्याचा गुण लागरच्या यीस्टला मिळाला तो याच्याकडून.

जर्मनीतल्या बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर नासायची म्हणून १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती बनवायलाच बंदी घातली गेली. मग बिअर बनायची ती थंडीतच, आणि त्या थंडीत जे यीस्ट टिकलं तेच पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेलं. ऋतूचं हे बंधन कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने १८७० च्या दशकात सैल केलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून लागरचं शुद्ध यीस्ट वाढवलं.

मुंबईच्या हवेत हे सगळं फ्रिजवर येऊन ठेपतं. घरी बिअर बनवू पाहणाऱ्या नवख्या माणसाचं लक्ष माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सकडे (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) असतं, पण माझ्या मते आधी पैसे घालावेत ते जुन्या फ्रिजवर आणि त्याला जोडायच्या तापमान-नियंत्रकावर. नियंत्रकाचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. तो फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, अंगाला चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा लावावा, कारण आंबताना उष्णता बाहेर पडते आणि आतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गरम असू शकतो. थंडीत यीस्ट संथ चालतं, म्हणून ते एलच्या साधारण दुप्पट घालावं लागतं.

अर्थात, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. परवाना असेल तरच, किंवा घरी बिअर बनवायची मुभा असलेल्या देशात राहत असाल तरच, हे प्रत्यक्ष करावं.

लागरमध्ये लपायला जागा नसते. एलमधले फळांसारखे वास इथे नसतात, त्यामुळे बारीकसा दोषही जाणवतो. सगळ्यात नेहमीचा दोष डायअॅसिटिलचा, म्हणजे थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नसारखा वास. यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं आपोआप डायअॅसिटिल होतं आणि पुढे यीस्टच ते परत शोषून घेतं. हे शोषणं थंडीत रेंगाळतं. म्हणून आंबणं संपत आलं की तापमान दोन-तीन दिवस १६-१८ अंशांवर न्यायचं.

काम झालं का, हे नाकाने तपासता येतं. दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक पेला झाकून साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेल्या पेल्यात लोण्याचा वास आला, तर आणखी दोन दिवस थांबा. दोन्ही स्वच्छ असतील, तर तापमान हळूहळू ० ते ४ अंशांपर्यंत उतरवा आणि चार-सहा आठवडे फर्मेंटरला हात लावू नका. तेवढ्या काळात यीस्ट आणि प्रथिनांचा गाळ तळाशी बसतो.