पॅरिस १९००चा ‘फ्रान्स’ आणि ब्रसेल्स १९०४चा फ्रान्स

फुटबॉलच्या इतिहासावरचं काहीही वाचायला घ्या, ‘१९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाने रौप्यपदक पटकावलं’ हे वाक्य कुठे ना कुठे आडवं येतंच. पदकतक्त्यातून उचलायचं आणि ठोकून द्यायचं, असा प्रकार चालतो. या एका वाक्यापायी फर्नाँ कानेलसारख्या हौशी खेळाडूची कारकीर्द कायमची वाकडी मांडली जाते.

फ्रान्सचा राष्ट्रीय संघ वाचकांना नव्याने सांगायला नको. प्लातिनी, झिदान, एम्बाप्पे, निळा शर्ट, दोन विश्वचषक. फक्त एवढं पक्कं लक्षात ठेवा, की या संघाच्या सामन्यांची अधिकृत यादी १ मे १९०४ पासून सुरू होते. त्याच्या आधी काही नाही.

मग १९०० साली खेळलं कोण? क्लब फ्रान्से हा पॅरिसचा एक क्लब. त्या काळी पॅरिसच्या फुटबॉलमध्ये स्टँडर्ड, व्हाइट रोव्हर्स अशा इंग्रज-स्कॉटिश मंडळींच्या क्लबांचा वरचष्मा होता. त्यांच्यात फ्रेंच पोरांचा म्हणून हा क्लब उभा राहिला आणि १८९६ साली अजिंक्यपदही घेऊन गेला. ऑलिंपिकचे सामने जागतिक प्रदर्शनाचा भाग म्हणून व्हँसेनच्या सायकल ट्रॅकवर झाले. २० सप्टेंबरला पूर्व लंडनच्या अप्टन पार्क क्लबने क्लब फ्रान्सेला ४–० हरवलं. २३ तारखेला क्लब फ्रान्सेने ब्रसेल्सच्या विद्यार्थ्यांच्या संघाला ६–२ असं लोळवलं. या ‘बेल्जियम’मध्ये एक इंग्रज आणि एक डच खेळाडूही होता. स्पर्धा आटोपली. आज आपण ज्याला सुवर्ण, रौप्य, कांस्य म्हणतो ती क्रमवारी ऑलिंपिक समितीने मागाहून लावली आणि क्लबांच्या जागी देशांची नावं आली. तक्त्यात अप्टन पार्कच्या जागी ब्रिटनचा झेंडा दिसतो, तेव्हा मला खरंच राग येतो. ‘क्लब फ्रान्से ०–४ अप्टन पार्क’ असं लिहायला कुणाचं काय जातं?

आता खरी मेख. क्लब फ्रान्से त्या वेळी फ्रान्समधल्या हौशी खेळांच्या महासंघाच्या, म्हणजे यूएसएफएसएच्या नावाने उतरला होता. १९०४ला ब्रसेल्सजवळच्या उक्लमध्ये बेल्जियमशी खेळलेला संघही यूएसएफएसएचाच. महासंघ तोच आणि कानेलही दोन्हीकडे. त्यामुळे माणसं म्हणतात, मग फरक काय राहिला? फरक निवडीत आहे. १९००ला महासंघाने एक क्लब पुढे केला. १९०४ला त्याने वेगवेगळ्या क्लबांतून माणसं वेचली आणि समोर बेल्जियमच्या संघटनेने निवडलेला संघ होता. गोलरक्षक मोरिस गिशार उत्तरेकडच्या तुर्कुआँचा, लुई मेस्निए एफसी पॅरिसचा, मारियुस रॉयए युनियन स्पोर्तिव्ह पारिझियेनचा आणि कप्तान कानेल क्लब फ्रान्सेचा. पांढऱ्या शर्टावर महासंघाची एकमेकांत अडकलेली दोन कडी होती. फ्रान्सचा पहिला गोल मेस्निएने केला. पुढे फ्रान्स मागे पडला आणि अगदी शेवटी गास्ताँ सिप्रेने ३–३ अशी बरोबरी साधली. बरोबरी झाल्यामुळे एव्हाँस कोपे चषक कुणालाच मिळाला नाही. तीनच आठवड्यांनी, २१ मेला, पॅरिसमध्ये फिफाची स्थापना झाली.

दोन देशांच्या संघटनांनी आपापला संघ निवडून एकमेकांसमोर उभा करणं, ही आंतरराष्ट्रीय सामन्याची कसोटी. ऑलिंपिक ही कसोटीच नव्हे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने फ्रान्सला १७–१ असं धुतलं आणि एकट्या सोफस नील्सनने दहा गोल केले. तो सामना मात्र राष्ट्रीय यादीत आहे, कारण तिथे निवडलेला संघ उतरला होता. फ्रान्सची ती आजवरची सर्वांत मोठी हार. त्याहून बारीक गल्लत १ नोव्हेंबर १९०६ची. त्या दिवशी पॅरिसमध्ये इंग्लंडच्या हौशी संघाने फ्रान्सवर १५–० असा विजय मिळवला. फ्रान्स तो सामना आपल्या पूर्ण आंतरराष्ट्रीय सामन्यांत धरतो, इंग्लंड धरत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फ्रान्सकडे हौशी संघाच्या वर दुसरा संघच नव्हता, इंग्लंडकडे व्यावसायिकांचा होता.

क्रिकेटवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं. १९००च्या पॅरिसमध्येच क्रिकेटचा एकुलता एक ऑलिंपिक सामना झाला. त्यातल्या ‘फ्रान्स’मध्ये बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रज होते आणि ‘ब्रिटन’ म्हणजे डेव्हन अँड सॉमरसेट वाँडरर्स हा दौऱ्यावरचा क्लब. ‘फ्रान्सकडे क्रिकेटचं रौप्यपदक आहे’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी बघावं.

कानेलची कारकीर्द लिहायची तर अशी: १९००ला क्लब फ्रान्सेकडून ऑलिंपिक, १९०४ला फ्रान्सच्या पहिल्या सामन्यात कप्तान, १९०८पर्यंत फ्रान्सकडून सहा सामने. १९००चे सामने या सहांत मिळवायचे नाहीत. त्याच क्लबच्या पिएर आल्मानचंही तसंच. तो १९००ला व्हँसेनला होता, पण त्याचे आंतरराष्ट्रीय सामने १९०५ पासून मोजले जातात.

त्या पिढीतली बरीच नावं १९०८ नंतर राष्ट्रीय यादीतून एकाएकी नाहीशी होतात. ते बघून ‘निवृत्त झाला’ असं लिहून मोकळं होऊ नये. त्या वर्षी यूएसएफएसए फिफातून बाहेर पडली आणि तिची जागा सीएफआय या दुसऱ्या संघटनेने घेतली. १९१३ साली यूएसएफएसए सीएफआयमध्ये सामील होईपर्यंत तिच्या क्लबांतल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाचं दार बंद होतं, मग पाय कितीही चालत असोत.