फॉन्ट की लेटरिंग? 'अंबाबाई'तले दोन 'बा' बघा

"भावा, नाव जरा कॅलिग्राफीत टाक." कोल्हापुरातल्या फ्लेक्सच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुकानदार एखादा वळणदार फॉन्ट लावतो, गिऱ्हाईक खूश. पण हस्ताक्षरी फॉन्टात टाईप केलेलं नाव वेगळं आणि ब्रशनं किंवा बोरूनं काढलेलं नाव, म्हणजे लेटरिंग, वेगळं.

ओळखायला 'अंबाबाई' हा शब्द घ्या. त्यात 'बा' दोनदा येतो. फॉन्टात दोन्ही 'बा' हुबेहूब सारखे दिसणार, कारण अक्षर एकदाच काढून साठवलेलं असतं. काही फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात, पण तीही ठरलेलीच. हातानं काढणारा आधी अख्खा शब्द बघतो. 'ई'च्या डोक्यावरचा आकडा तो मागं ओढून थेट अनुस्वारापर्यंत नेईल, आणि त्याला जागा हवी म्हणून दुसरा 'बा' जरा खाली दाबेल. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींना 'पेंटर' याच नावानं ओळखणाऱ्या कोल्हापूरला हे सांगावं लागू नये, पण लागतं.

म्हणून फॉन्ट हलका ठरत नाही. देवनागरीत जोडाक्षरं शेकड्यांनी, आणि कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी आलं तरी शिरोरेघ जुळली पाहिजे. इंडियन टाईप फाउंड्रीचा 'कलम' बघा: पेनानं लिहिल्यासारखा, चार ओळींचा मजकूरही पेलतो. 'यात्रा वन' मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. तो मथळ्यातच शोभतो. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. नासधूस होते ती वापरताना. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. बॅनर भरायला शब्द आडवा ताणला की उभे दंड जाडजूड होतात, शिरोरेघ मात्र होती तेवढीच राहते. आणि लग्नपत्रिकेत 'शुभविवाह'पुरता ठीक असलेला नक्षीदार फॉन्ट कार्यालयाच्या पत्त्यालाही लावला, तर पाहुणे फोन करूनच येणार.

तालीम मंडळाचे बॅनर सतत बदलतात, तिथं फॉन्टच बरा. दुकानाचं नाव वर्षानुवर्षं तेच राहणार असेल तर माझं मत सरळ लेटरिंगला.

फसगत होते ती फाईलपाशी. लेटरिंग स्कॅन करून, कर्व्ह करून, म्हणजे ठिपक्यांच्या चित्राऐवजी रेषांच्या आकारात बदलून मिळतं. हवं तेवढं मोठं छापा, कडा फाटत नाहीत. मग मालकाला वाटतं, आपल्याकडं फॉन्ट आला. पुढं दुसरी शाखा निघाली की तो म्हणतो, याच अक्षरांत 'राजारामपुरी' टाईप करा. ते होत नाही. फाईलमध्ये समजा 'अंबाबाई' एवढाच शब्द आहे, त्यात 'रा'सुद्धा नाही. तेव्हा काम देतानाच पुढं लागतील ते शब्द सांगून टाका: शाखेचं नाव, 'मिसळ', 'पार्सल', जे असेल ते. एकाच हातानं, एकाच बैठकीत काढलेले शब्द एकमेकांशी जुळतात.